३७ अंशांना लाट म्हणतात ते उगाच नव्हे

परवा दुपारी बारा वाजता कोकणातल्या मामाला व्हिडिओ कॉल केला, तर हा आंब्याच्या कलमांत उभा. हातात आंबे उतरवायचा झेला, शर्टाच्या खिशात कांदा. "अरे, आपल्याकडे समुद्रावरचा खारा वारा आहे, उष्णतेची लाट-बिट काही नसते," म्हणाला आणि लगेच तो मेसेज पाठवून दिला. या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. मामा पासष्ट वर्षांचा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो: विदर्भात ४५ अंश सोसतात, मग कोकणात ३७ ला लाट म्हणणं हा हवामान खात्याचा बागुलबुवा. घाम येतोय तोवर उष्माघात होत नाही. खिशातला कांदा ऊन शोषतो. थंड पाण्याने रक्तवाहिन्या फुटतात.

सगळ्यात घातक ते घामाचं. घाम सुटल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. मे महिन्यात आपल्याकडे दोरीवरचा बनियन संध्याकाळपर्यंत दमटच लागतो, मग पाठीवरचा घाम कुठून वाळणार? तो नुसता निथळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते. कष्टाची कामं करणाऱ्याला तर भरपूर घाम येत असतानाही उष्माघात होतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हाने १४ माणसं गेली. त्या दिवशी त्या भागात पारा ४५ नव्हता, ३८ च्या आसपास होता. आणि समुद्र काही लांब नाही तिथून.

आता ३७ चं. नुसता ३७ झाला म्हणून कुणी लाट जाहीर करत नाही. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ किंवा वर हवं आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवं. मैदानी भागासाठी ४०, डोंगराळ भागासाठी ३०. हे आकडे मोजतात सावलीत, हवेशीर पेटीत. कलमांत उघड्यावर उभं राहिलेल्या माणसाला त्याहून जास्त भाजतं. बरेचदा हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये लाट नसतेच, 'उष्ण व दमट' एवढाच इशारा असतो. तोही वाचायचाच.

खारा वारा पारा खाली ठेवतो, हे मात्र खरं, मान्य करतो. पण पूर्वेचे वारे जोरात असले की तो उशिरा सुटतो, आणि नेमकं त्याच दुपारी तापमान चढतं.

कांदा जेवणात खा. खिशात ठेवून काही होत नाही. थंड पाण्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत. गटागटा प्यायल्याने कुणाचं डोकं ठणकत असेल, त्याने हळू प्यावं, पण प्यावं.

कलमांत कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर 'जरा बस' म्हणून सोडू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.