‘शिळी कोंबडी दिली’ या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, आधी मुलाबद्दल. काल फोनवर तुम्ही म्हणालात की त्याचे जुलाब थांबले, थोडी पेज पोटात गेली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ऐन वाढदिवसाला पोर आजारी पडलं आणि त्यात आमच्या दुकानाचं नाव आलं. रात्रभर झोप लागली नाही.

तक्रार तुम्ही चारचौघांत केलीत, म्हणून उत्तरही चारचौघांत देते. तुम्ही लिहिलंय ते असं: रोस्टसाठी दीड किलोची अख्खी कोंबडी नेली, आमच्या चिठ्ठीप्रमाणे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली, सकाळी ती बुळबुळीत झाली होती आणि वास मारत होती. लिंबू चोळून, स्वच्छ धुऊन भाजली. मांस तोंडात घालवेना इतकं खारट. संध्याकाळपर्यंत नवरा आणि मुलगा दोघांची पोटं बिघडली. म्हणजे दुकानाने शिळी कोंबडी विकली.

कोंबडी शिळी नव्हती. ती दुपारी अडीचला कापलेली, तुमच्या हातात सहाच्या सुमाराला आली आणि मधला सगळा वेळ चिलरमध्ये २ ते ३ अंशांवर होती. चिलरची वही दर दोन तासांनी मी स्वतः भरते. वही काउंटरवरच असते, तुम्ही येऊन बघू शकता, कुणीही बघू शकतं. पण म्हणून आमचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. दोष त्या चिठ्ठीत आहे, आणि ती चिठ्ठी मी लिहिलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या गर्दीत जो तो विचारायचा, ‘रोस्ट कोरडा पडतो, काय करू?’ तेव्हा चार ओळी खरडून गुलाबी कागदावर झेरॉक्स काढल्या. ‘एक लिटर पाण्याला एक वाटी मीठ. कोंबडी बुडेल इतकं पाणी. रात्रभर ठेवा. सकाळी पुसून भाजा.’ संपली चिठ्ठी. तिच्यात फ्रिज हा शब्दच नाही. ज्या बायकांसाठी ती लिहिली त्या दरवर्षी नाताळला रोस्ट करणाऱ्या, त्यांना ते सांगावं लागत नव्हतं. तीच चिठ्ठी मी मे महिन्यात तुमच्या पिशवीत टाकली. पहिल्यांदाच करताय का, एवढंही विचारलं नाही. ही चूक माझी, आणि त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.

फोनवरचं तुमचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मिठात घातलेली म्हटल्यावर खराब कशाला होईल?’ तुमचं तरी काय चुकलं? आपण जन्मापासून हेच बघत आलोय. म्हापशाच्या बाजारात आत्ता पुरूमेताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, ढीग लागलेत, खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं. घरी बरणीत चेपणीची तोरं, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या. मीठ घातलं की पावसाळा निघतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण ते खारवणं वेगळं आणि रोस्टचं पाणी वेगळं. खाऱ्या बांगड्याला मीठ अक्षरशः थापतात, वर कडक उन्हात त्याचं पाणी उडून जातं. चेपणीत मिठाच्या जोडीला कैरीचा आंबटपणा असतो. पाण्यात मुरेल तेवढं मीठ मुरवायचं म्हटलं तर लिटरला साडेतीनशे ग्रॅमपर्यंत जातं. रोस्टच्या पाण्यात ते लिटरला फक्त ५० ते ६० ग्रॅम असतं, आणि मांसाच्या आत पोचतं ते त्याहून कितीतरी कमी. एवढ्या मिठाने मांस टिकत नाही. मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात, फुगतात, आणि भाजताना आतलं पाणी धरून ठेवतात. त्याचं काम तेवढंच. कच्च्या कोंबडीवर असू शकणारा साल्मोनेला हा जंतू अशा पाण्यात मरत नाही. आपल्या हातांवर आणि नाकात असणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू तर १० टक्के मिठातही वाढतो, आणि तो जे विष सोडतो ते शिजवूनही जात नाही. ‘मी नीट भाजली होती’ हे तुमचं म्हणणं खरं असूनही पोट बिघडू शकतं ते यामुळे. लिंबाने वास जातो, हे विष जात नाही.

तुम्ही टोप रात्री नऊला ओट्यावर ठेवलात आणि सकाळी आठला उघडलात. अकरा तास, मे महिना, त्यात मध्यरात्री वीज गेलेली, पंखाही बंद. ४ ते ६० अंशांच्या मधे जंतू वाढतात, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या उकाड्यात काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली तर एकच तास. सकाळी कापलेली असो नाहीतर त्याच क्षणी, कुठलीच कोंबडी त्या ओट्यावर टिकली नसती.

आता खारटपणा. काल दुकान बंद केल्यावर मी तराजूवर वाट्या मांडल्या. चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होती ती आमच्या दुकानातली चटणीची छोटी वाटी आणि आगरातलं जाडं मीठ. ती सपाट भरली तर ६० ग्रॅम होतात. मग घरून आणलेली नेहमीची आमटीची वाटी घेतली, जशी बहुतेक तुमच्याकडेही असेल, आणि पाकिटातलं बारीक मीठ भरलं. काटा दीडशेवर गेला. अडीचपट! त्या वाटीकडे बघत मी बराच वेळ बसले होते. तीन वर्षं हा कागद मी लोकांना वाटतेय आणि एकदाही वजन करून बघितलं नाही. मीठ वाटीने मोजूच नये, वजनानेच घ्यावं. घरी काटा नसेल तर आमच्याकडे या, ५० ग्रॅमच्या पुड्या आता काउंटरवर बांधून ठेवल्यात, त्याचे पैसे नाहीत.

करायचं कसं, ते तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. दीड किलोच्या कोंबडीला दीड लिटर पाणी पुरतं, टोपाऐवजी खाण्याचे पदार्थ ठेवायची जाड पिशवी घेतली तर. अर्धा लिटर गरम पाण्यात ७५ ग्रॅम मीठ विरघळवायचं. त्यात अर्धा लिटर थंड पाणी आणि अर्धा किलो बर्फ. बर्फ पाण्याच्या हिशेबातच धरायचा. पाणी पूर्ण गार झाल्याशिवाय कोंबडी आत जाता कामा नये. कोमट पाण्यात घातलेली कोंबडी फ्रिजमध्ये ठेवली तरी आतून थंड व्हायला तासन् तास लागतात. मग पिशवी बांधून, खोलगट परातीत ठेवून, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला. पिशवी गळली तर पाणी परातीत पडावं, दुधावर किंवा कोशिंबिरीवर पडू नये. फ्रिज ४ अंश किंवा त्याखाली हवा. अख्ख्या कोंबडीला आठ ते बारा तास, तंगडीच्या तुकड्यांना दोन ते चार, बोनलेसला तासभर पुष्कळ झाला. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर कोंबडी टाकून द्या आणि मला फोन करा. आमच्याकडची असेल तर दुसरी अर्ध्या किमतीत देईन.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या, पण खाण्यासाठीचं. तुमचा टोप ॲल्युमिनियमचा होता. मिठाचं पाणी ॲल्युमिनियमला खातं, त्यात काही ठेवू नका.

धुण्याबद्दल बोलायला मला जड जातं, कारण माझी आईसुद्धा कोंबडी चार पाण्यांनी धुवायची. पण नळाखाली धरली की शिंतोडे हातभर लांब उडतात, आणि तुम्ही सांगितलंत की काकडी-टोमॅटो शेजारीच चिरून ठेवलेले होते. पिशवीतून काढली की कागदाने कोरडी टिपा, तो कागद लगेच कचऱ्यात. वापरलेलं मिठाचं पाणी दुसऱ्यांदा वापरायचं नाही, रश्शात घालायचं नाही, सरळ मोरीत ओतायचं आणि मोरी साबणाने घासायची. कोरडी टिपलेली कोंबडी भाजतेही जास्त छान, कातडी कुरकुरीत होते.

भाजून झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, थर्मामीटर ७४ अंश दाखवला पाहिजे. तो घ्याच.

मला स्वतःला विचाराल तर मी घरी पाणी वापरतच नाही. आपले फ्रिज लहान, त्यात दीड लिटर पाण्याची पिशवी मावेपर्यंत अर्धा फ्रिज रिकामा करावा लागतो. किलोला १५ ग्रॅम मीठ कोंबडीला आतून-बाहेरून चोळायचं आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. तितकीच रसदार होते, आणि खारट होण्याची भीती कमी. मसाल्यात मग वेगळं मीठ घालायचं नाही. आणि शागुती (खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा) किंवा सुकं करणार असाल तर यातलं काहीच नको, रश्शातली कोंबडी कोरडी पडत नाही. फ्रोजन पाकिटावर घटकांत मीठ लिहिलेलं असेल तर तिलाही पुन्हा मिठात घालू नका. तुमच्या सासऱ्यांना ब्लडप्रेशर आहे म्हणालात, त्यांच्यासाठी दोन तुकडे आधीच बाजूला काढून ठेवा, बिनमिठाचे.

कोंबडीचे पैसे काल संध्याकाळी तुमच्या खात्यावर पाठवले. तुम्ही फोनवर नको म्हणालात, तरी पाठवले. डॉक्टरांचं आणि औषधांचं बिलही मला द्या. गुलाबी चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा मी फाडून टाकलाय. तक्रार काढून टाका असं मी म्हणणार नाही, ती राहू दे.

एक विनंती मात्र आहे. नवी चिठ्ठी लिहून तयार आहे, छापायला शनिवारी द्यायची आहे. ‘फ्रिज’ पहिल्याच ओळीत आहे, मीठ ग्रॅममध्ये आहे. छापण्याआधी तुम्ही एकदा वाचाल का? ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांना कुठे अडायला होईल, ते मला दिसत नाही, तुम्हाला दिसेल. शुक्रवारी बाजाराला आलात तर दुकानात या, नाहीतर मी फोटो पाठवते.

— दुकानाची मालकीण, म्हापसा