साठीतल्या घोड्याचे गुडघे

जुन्या फोर्ड मस्टँगला (नावाचा अर्थ रानघोडा) दोन आवाज असतात. पहिला व्ही-८ इंजिनाचा. तो ऐकून माणूस चेक फाडतो. दुसरा पुढच्या चाकांच्या वर कुठेतरी, वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा, कर्र... कुर्र. तो चेक वटल्यानंतर ऐकू येतो. पहिल्याच स्पीडब्रेकरवर बाजूच्या सीटवरून विचारणा होते, "अहो, हे काय वाजतंय?" "काही नाही, जुनी आहे ना, थोडं ग्रीस मारलं की झालं," असं उत्तर जाणारच. माझं म्हणणं एवढंच, की हे वाक्य उच्चारण्यापूर्वी पुढचं वाचा. कारण थोडं ग्रीस मारायला गेलेली माणसं चार महिन्यांनी गाडीखाली आडवी सापडतात. गाडी स्टँडवर असते आणि पुढची दोन्ही चाकं सोफ्यामागे.

न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये आज ओक ट्री रोडवर चाट खायला झुंबड असते. त्याच गावात रूट १वर फोर्डचा मेटुचन कारखाना होता. १९६५पासून काही वर्षं तिथे मस्टँग बनत, आणि २००४ साली तो बंद झाला. गाडीच्या मूळ ओळख नंबरातलं (व्हीआयएन) दुसरं अक्षर टी असेल तर गाडी मेटुचनची, एफ असेल तर डिअरबॉर्नची, आर असेल तर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. तेव्हा एडिसनच्या मराठी माणसाने टी-अक्षरी मस्टँग दारात आणणं म्हणजे लेक माहेरी आणणंच. फक्त माहेरी आलेली लेक पहिले काही दिवस कामाला हात लावत नाही, हे गृहीत धरावं.

मस्टँगला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हटलं की १९६४च्या पाँटिॲक जीटीओचे भक्त नाक मुरडतात. त्यांच्या मते ही पोनी कार, म्हणजे तट्टू. असेल. खड्डा काही जात विचारून दणका देत नाही.

१७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये ही गाडी लोकांसमोर आली. रूपडं नवं कोरं, पण आतले हाडं-सांधे बरेचसे फोर्ड फाल्कनचे, म्हणजे मुळात काटकसरी घरगुती गाडीचे. पुढची रचना अशी. चाकाला गाडीशी जोडणारे दोन हात, म्हणजे आर्म. वरचा आर्म त्रिकोणी, त्याच्या पाठीवर एक लोखंडी खोगीर (घोडा म्हटल्यावर खोगीर आलंच), खोगिरावर कॉइल स्प्रिंग उभी, तिचं वरचं टोक इंजिनाशेजारच्या पत्र्याच्या टॉवरमध्ये, आणि शॉकअप स्प्रिंगच्या पोटातून गेलेला. खालचा आर्म एकपायी. तो मागेपुढे हलू नये म्हणून त्याला धरायला पुढच्या बाजूला एक तिरका दांडा, त्याला स्ट्रट रॉड म्हणतात. मागे मात्र सरळ पाटे, आपल्या अँबॅसिडरला किंवा काळ्या-पिवळ्या पद्मिनीला असत तसेच.

आता त्या आवाजाकडे. वरचा आर्म ज्या शाफ्टवर झुलतो त्याच्या दोन्ही टोकांना आट्यांचे पोलादी बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, असतात. आतलं ग्रीस वाळलं की पोलाद पोलादावर घासतं. कारखान्यातून तिथे ग्रीसचं निपल न देता प्लग मारलेला असतो, आणि प्लगपर्यंत हात पोचायला टॉवरचा पत्रा आडवा येतो. त्यावर जुन्या काळच्या मेकॅनिकांनी काढलेला तोडगा अनेक गाड्यांवर अजून दिसतो: टॉवरलाच गॅसने पाडलेलं ओबडधोबड भोक. गाडी विकत घेताना हे भोक दिसलं तर चिडू नका. निदान कुणीतरी ग्रीस भरलं होतं, याचा तो लेखी पुरावा आहे. पत्रा न कापता काम करायचं तर चाक काढून, स्टिअरिंग फिरवून, प्लग सोडवून तिथे काटकोनी निपल बसवायचं. एवढं करून आवाज गेला तर देवापुढे साखर ठेवा आणि थांबा. बहुधा जात नाही, कारण खोगिराच्या बुशांमधलं रबरही साठ वर्षांचं असतं.

म्हणजे आर्म काढायचा. म्हणजे स्प्रिंग काढायची. इथेच घोडं पेंड खातं.

पाना हातात घेण्यापूर्वी मोजमाप. गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवायची. डावी-उजवी यांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर दोष नेहमी स्प्रिंगचाच असतो असं नाही. मागचा एक पाटा बसला असला तरी गाडी पुढे तिरकी दिसते. हे न मोजता सामान मागवणारे लोक नव्या स्प्रिंगा घालून तितक्याच तिरक्या गाडीतून फिरतात, आणि वर दुकानदाराला शिव्या देतात.

मस्टँगच्या स्प्रिंगला दाबून धरायला तिच्या पोटातून जाणारा कॉम्प्रेसर लागतो. मॅकफर्सन स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या जोडणीला) बाहेरून लावतात ते दोन आकड्यांचे, म्हणजे हूकांचे, कॉम्प्रेसर इथे चालत नाहीत, टॉवरमध्ये त्यांना जागाच नाही. गाडी चाकांवर उभी असतानाच शॉकअप त्याच्या वरच्या ब्रॅकेटसकट काढायचा आणि टॉवरच्या वरच्या तोंडातून कॉम्प्रेसर आत सोडायचा. वजनाखाली स्प्रिंग आधीच दबलेली असते, त्यामुळे फिरवाफिरवी निम्म्याने वाचते. आकडे जितके खालच्या वेढ्यात अडकतील तितकं बरं, आणि दोन्ही आकडे समोरासमोर. एक आकडा एका वेढ्याने वर राहिला तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. वाकलेली, दबलेली स्प्रिंग तुमच्याकडे तोंड करून असताना तिच्याशी वाद घालू नये; सावकाश सैल करून पुन्हा पहिल्यापासून लावावं. गाडी वर घेतल्यावर स्टँड चॅसिसच्या पट्ट्यांखाली, जॅकवर भरवसा शून्य. स्प्रिंग बाहेर आली की ती दबलेल्या अवस्थेत कोपऱ्यात ठेवून जेवायला जायचं नाही. आधी तिला मोकळी करायची, मग वरणभात.

आर्म बाहेर निघालाच आहे, तर या साऱ्या उपद्व्यापातलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत स्वस्त काम आत्ताच उरकून घ्यावं. फोर्डचा अभियंता क्लाउस आर्निंग याने वरच्या आर्मची आतली बाजू १ इंच खाली बसवण्याची कल्पना मांडली, आणि शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या १९६५च्या जीटी-३५० मस्टँगमध्ये ती वापरली गेली. म्हणून लोक तिला शेल्बी ड्रॉप म्हणतात. मेहनत एकाची, नाव दुसऱ्याचं, हे आपल्याकडच्या कार्यालयांत काम केलेल्यांना समजावून सांगायला नको.

त्या एका इंचाने होतं काय? मूळ बांधणीत आर्मचं आतलं टोक बाहेरच्यापेक्षा उंच. वळणावर गाडी कलली आणि बाहेरचं चाक वर दबलं की आर्मचं बाहेरचं टोक आणखी बाहेर ढकललं जातं, चाकाचं डोकं बाहेर झुकतं आणि टायर कडेवर चालायला लागतो. उंच टाचेच्या चपलेत पाय मुरगळतो, तसं. आतलं टोक खाली आणलं की तेच चाक दबताना डोकं आत घेतं आणि टायरचा तळवा रस्त्यावर टेकलेला राहतो. गाडीही अर्धा-पाऊण इंच खाली बसते, तो बोनस.

काम म्हणजे प्रत्येक टॉवरला दोन भोकं. जुन्या भोकांच्या बरोबर १ इंच खाली नवी. काही टेम्प्लेटमध्ये ती एक सूत मागेही सरकवलेली असतात. टेम्प्लेट जुन्या भोकांत बोल्टने घट्ट बसवा, पेनाने खुणा करून हातमशीन चालवू नका. पंच मारायचा, बारीक ड्रिलने वाट पाडायची, मग टप्प्याटप्प्याने मोठं करत बोल्टच्या मापाला आणायचं. टॉवरच्या जाड पत्र्यात एकदम मोठं ड्रिल घातलं की ते अडकतं आणि मशीन मनगटाला हिसका देतं. कडांवरची धार कानशीने घालवून उघड्या लोखंडाला रंग लावायचा, नाहीतर न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ पुढचं काम करतं. टॉवरला आधीच तडा असेल तर मात्र ड्रिल खाली ठेवा आणि वेल्डिंगवाला गाठा.

आता पैशांची उधळण कुठे होते ते. पॉलियुरेथेन बुशांचा लाल संच दिसायला झकास, आणि कुठलाही शौकीन तो सगळीकडे घालायचा सल्ला देतो. रोल बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला, घाला, काही बिघडत नाही. स्ट्रट रॉडला नको. तो दांडा वर-खाली होताना बुशात तिरका व्हावा लागतो. मऊ रबर त्याला तिरका होऊ देतं, कडक पॉली देत नाही. मग बुशाऐवजी दांडा वाकतो, रोज, प्रत्येक खड्ड्यात, आणि एक दिवस तुटतो. तो तुटतो ब्रेक दाबलेला असताना, आणि पुढचं चाक मागे सरकून फेंडरला जाऊन भिडतं. रबर तरी ठेवा नाहीतर बॉलच्या सांध्याचा ॲडजस्टेबल रॉड घ्या.

खोगिरासाठी मात्र हात सैल सोडावा. रबराच्या जागी बेअरिंगवर फिरणारं रोलर खोगीर मिळतं. मूळ रबर प्रत्येक हालचालीला पीळ खातं आणि स्प्रिंगला अडवतं. बेअरिंग अडवत नाही. बारीकसारीक खडबडीवर गाडी जी गुळगुळीत चालायला लागते ती शॉकअपमुळे, असं लोकांना वाटतं. श्रेय बऱ्याच अंशी खोगिराचं असतं.

स्प्रिंगवर ६२० पौंड प्रति इंच असा आकडा वाचून छाती दडपते. दडपू नये. स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसते, म्हणून चाक २ इंच उचललं की ती जेमतेम १ इंच दबते, आणि चाकाला जाणवणारा कडकपणा छापील आकड्याच्या पाव, म्हणजे दीडशेच्या आसपास. रस्त्यावरच्या व्ही-८ला ५६० ते ६२० पुरे. त्यापुढे गेलात तर डिकीतल्या चकल्या घरी पोचेपर्यंत भाजणी होतील. नव्या स्प्रिंगेवर गाडी सुरुवातीला उंटासारखी उंच दिसते. लगेच वेढा कापायला धावू नका. दोनेकशे मैल फिरवा, ती बसते. त्यानंतरही उंच वाटली तर कटिंग व्हीलने अर्धा वेढा; गॅसकटरने कधीच नाही, उष्णतेने पोलादाचा पाणी दिलेला कस जातो. पुढचा रोल बार १ इंचाचा घाला, मूळचा पाऊण इंचाहूनही बारीक होता. मागे रोल बार नको, पावसात गाडी शेपूट फिरवते.

शॉकअप चांगले गॅसचे घ्या, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

मागच्या पाट्यांचा बाजार गमतीचा. चार पाटी, पाच पाटी आणि साडेचार पाटी असे संच मिळतात. शेवटचा अर्धा पाटा म्हणजे खरोखरच आखूड पाटा. रस्त्यासाठी साडेचार बरोबर. पाच पाटी संच मागच्या सीटवर सासू-सासरे कायमचे बसवणार असाल तर. नवे पाटे चढवणं सोपं, जुने उतरवणं नाही. पुढच्या डोळ्यातला बोल्ट आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला असतो. दोन दिवस आधीपासून गंजतेल पाजा, तरी शेवटी तो करवतीनेच निघतो. त्यामुळे नवे बोल्ट, नवे वायसर, नवी शॅकल हे सगळं आधीच मागवून ठेवा, नाहीतर रविवारी संध्याकाळी गाडी एका पाट्यावर आणि दुकान बंद.

सर्व रबरी बुशांना एकच नियम. शेवटचं घट्ट आवळणं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. हवेत लोंबकळत्या आर्मवर नट कसला तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उंच बसते, आणि बुश वर्षभरात फाटतो. आणि मग पुन्हा कर्र कुर्र.

उरली ॲलाइनमेंट. १९६५-६६च्या मस्टँगला कँबर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) दोन्ही वरच्या आर्ममागच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमनी, जुळवतात. शिम काढली की चाकाचं डोकं आत जातं. पुढच्या बोल्टवरची वाढवून मागच्या बोल्टवरची तेवढीच कमी केली की कॅस्टर वाढतो. १९६७पासून फोर्डने कँबरसाठी खालच्या आर्मला एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकलेला, बोल्ट दिला आणि हा चकत्यांचा खेळ संपला. ॲलाइनमेंटवाला तरुण पोरगा असेल तर त्याने शिम नावाची वस्तू पाहिलेली नसते. तो संगणकात १९६५ टाकतो आणि त्या काळच्या टायरांसाठी लिहिलेले आकडे इमानेइतबारे लावतो. रेडियल टायरांना ते चालत नाहीत. म्हणून गाडी देताना स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवावी, मोठ्या अक्षरांत: कँबर उणे अर्धा अंश, कॅस्टर अधिक दोन ते तीन, टो-इन एक सूत. टो-इन म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली. सूत शब्द तिथे कळणार नाही, १/८ इंच लिहा.

गाडी परत आली की बायकोला शेजारी बसवून तोच स्पीडब्रेकर. वरून काहीही वाजणार नाही. मग ती म्हणेल, "अहो, आता दाराचं बिजागर वाजतंय."