बुवांची जादा मात्रा

पुण्यात व्हायोलिन शिकणाऱ्या पुतणीने फोनवर फर्मान काढलं, "काका, आपल्या काकड्याची चाल स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहून पाठवा. लिलीपाँड नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर परभणीचा माणूस फार विचार करत नाही.

घेतलं. पण त्यात ना पाच रेषा दिसतात, ना उचलून ठेवायला सूर. आपण साध्या फाइलीत मजकूर लिहायचा, तो त्याला वाचायला द्यायचा, मग ते पीडीएफ काढणार. हाताने कोरलेल्या जुन्या छपाईसारखी देखणी पानं निघावीत म्हणून १९९६ साली नेदरलँड्समधल्या दोघांनी हे रचायला घेतलं. म्हणून स्वरांची नावंही डच. शार्पला, म्हणजे तीव्राला, मागे 'इस', फ्लॅटला, म्हणजे कोमलाला, 'एस'. आमचा कोमल नी झाला 'बेस'.

सी डी ई एफ, म्हणजे आपले सा रे ग म, लिहून दिलं. पानावर सगळे सूर पाच रेषांच्या खाली, विहिरीत पोहरे सोडल्यासारखे. आपल्या भातखंडे स्वरलिपीत मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, मधला बिचारा काही मागत नाही. इथे मधल्यालाच मागे तुरा (') लावावा लागतो. बिनतुऱ्याचा सरळ खालच्या सप्तकात.

"काय करायलात हो एवढ्या रात्री?" बायको.

"पेटी लिहायलोय."

"मंग वाजवा की! लिहायला काय झालं?"

खरी गंमत पुढे. मजकुरात उभी दांडी दिली की ते तिथपर्यंतच्या मात्रा मोजतं आणि हिशेब चुकला की ओळीच्या आकड्यासकट 'बारचेक फेल' म्हणून बोंबलतं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, चार-चारचे दोन बार, म्हणजे खंड, सगळं चोख. तरी प्रत्येक ध्रुवपदाच्या शेवटी बोंब. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग लावून मांडीवर टाळी देत मोजलं. यंत्राचं बरोबर होतं. 'विठ्ठला'तल्या 'ला'वर बुवा एक मात्रा जास्त बसतात. पखवाजवाला तिथे गुपचूप एक थाप वाढवतो, टाळकरी त्याच्या हाताकडे बघून सावरतात. सगळ्या मंडळाला हे ठाऊक आहे. बुवांना सांगायची कुणाची छाती नाही. आणि हे डच कार्टं बेधडक ओळ क्रमांक सांगतंय!

तेवढ्या बारला पाच मात्रा लिहिता आल्या असत्या. पण तो लेखी पुरावा झाला असता. शोधता शोधता फर्माटा सापडला. सुरावर छोटी कमान, तिच्या पोटात टिंब. अर्थ, इथे मनाला येईल तेवढं थांबा. मोजणीत तो धरला जात नाही. जादा मात्रा काढून तो लावला, आणि बोंब बंद.

छापील पान देवळात नेलं. बुवांनी चष्मा वर करून कमानीवर बोट ठेवलं, "हे काय म्हणायचं?"

"बुवा, तो तुमचा मान आहे."

बुवांनी पान नीट निरखलं. "असं व्हय? मंग आणिक दोन जागी काढा की."