प्रेसवाले

काल ठाणे स्टेशनाहून कासारवडवलीच्या शेअर रिक्षात आमचे हे पांढरी कॉलर लावून कडेला, मी मधे चेपलेली आणि पलीकडे मांडीवर मेथीच्या जुड्या घेतलेल्या एक मावशी. मेट्रोच्या कामापाशी रिक्षा अडकली आणि मावशींना कॉलर दिसली.

"फादर का?"

"हो," हे म्हणाले. (लोकांची चूक दुरुस्त करायचा यांना कंटाळा. ते खातं माझ्याकडे.)

"आणि तुम्ही?"

"बायको."

मावशींनी मेथी पलीकडच्या मांडीवर सरकवली. "फादरला बायको नसते."

"कॅथलिकांत नसते. हे पाळक आहेत. आम्ही प्रेसबिटेरियन."

"प्रेस?" रिक्षावाला गर्रकन वळला. "मग ह्या खड्ड्यांवर छापा ना साहेब! दोनदा शॉकअप बदलले."

"प्रेसबुतेरोस! ग्रीकमध्ये म्हणजे वडीलजन. आमच्यात बिशप नसतो, मंडळीनं निवडलेले वडीलजन कारभार बघतात. स्कॉटलंडात १५६० पासून..."

"१५६० पासून खड्डे?" रिक्षावाला हळहळला.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे सोसायटीची कमिटी."

लग्नाला अठरा वर्षं झाली, इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. कमिटीच! पाळकगृहातला स्वयंपाकघराचा नळ गणपतीच्या आधीपासून गळतोय. वॉशर वीस रुपयांचा. तो बदलायला ठराव हवा, ठरावाला सभा हवी, सभेला चहा हवा आणि चहा मी करायचा, त्याच नळाखाली. संडे स्कूल माझं, महिला मंडळ माझं, पगार मात्र एकट्या यांचा, आणि तोही किती ते विचारू नका. धाकट्यानं केस वाढवले तर चौघे येऊन सांगतात, "पाळकांचा मुलगा ना?" बिशप असता तर निदान एकाशीच भांडले असते.

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. "मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल माहीत आहे? १८९४ चं. आमच्याच मिशनचं."

"अगंबाई! तिथं तर सासूबाईंचा खडा काढला!" मावशींचा चेहरा उजळला, मेथी परत इकडे आली, एक जुडी चक्क मला मिळाली. कासारवडवलीला उतरताना त्या मायेनं वाकून कानात म्हणाल्या, "पण बाई, फादरला बायको नसते."

हे गप्प. रिक्षावाल्याला मात्र यांनी शब्द दिला होता म्हणे. आज उपासनेत यांनी घोडबंदर रोडच्या खड्ड्यांसाठी खरोखर प्रार्थना केली. बाहेर पडताना दोन वडीलजनांनी विचारलं, "हे कुठल्या सभेत ठरलं?"