टेकडीला 'कटऑफ' नको

पुण्याच्या टेकड्यांवरच्या अनधिकृत बांधकामांची बातमी आली की इथे सरे परगण्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत एक वाक्य हमखास येतं: "इंग्लंडमध्ये असलं काही खपवून घेत नाहीत." हे अर्धंच खरं आहे. इथेही बांधकाम पाडायला वर्षानुवर्षं लागतात.

आमच्याच परगण्यातलं सॅलफर्ड्सचं प्रकरण घ्या. लंडनभोवतीच्या ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे बांधकामावर कडक निर्बंध असलेल्या हिरव्या पट्ट्यात, एका शेतकऱ्याने परवानगी न घेता बुरूजवालं गढीसारखं घर बांधलं. भोवती गवताच्या गठ्ठ्यांची उंच भिंत रचली, वर ताडपत्री टाकली आणि कुटुंबासह आत राहिला. तेव्हाच्या नियमाने, घर पूर्ण होऊन चार वर्षांत कारवाई झाली नाही की ते पाडता येत नसे. २००६ मध्ये त्याने गठ्ठे हटवले आणि २००७ मध्ये नोटीस आली. मग अपील, निरीक्षकापुढे सुनावणी, हायकोर्ट. २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं की गठ्ठे रचणं-हटवणं हाही बांधकामाचाच भाग, त्यामुळे चार वर्षं भरलीच नाहीत. तरी घर पडलं २०१६ मध्ये, तेही तुरुंगाची वेळ आली तेव्हा.

हर्टफर्डशरमध्ये आणखी एकाने गवताच्या गोदामाची परवानगी काढून आत घर थाटलं होतं. फसवणुकीचा फायदा मिळणार नाही, असं २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सुनावलं. त्याच वर्षी संसदेने लपवाछपवीची पळवाट बुजवली, आणि एप्रिल २०२४ पासून चार वर्षांची मुदत दहा केली.

मला यातली कोर्टबाजी कौतुकाची वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुदत बांधण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असते आणि पळवाट सापडली की नियम कडक होतो. आपल्याकडे उलटं. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकणं. ती नियमित करणाऱ्या २००१ च्या कायद्याची 'कटऑफ' तारीख, म्हणजे जिच्या आधीचंच नियमित होईल अशी तारीख, होती १ जानेवारी २००१. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० वर नेली. मधे २०१७ मध्ये शहरांतल्या अनधिकृत बांधकामांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही आणखी एक तारीख आली. प्लॉट पाडून विकणारा गिऱ्हाइकाला हेच सांगतो: "बांधून घ्या, पुढे नियमित होतं." आणि आजवर तो खोटा ठरलेला नाही.

घेणारा बहुतेक वेळा रिक्षावाला, नर्स, कंपनीतला कंत्राटी कामगार. नोटरी केलेला कागद हातात, सातबाऱ्यावर नाव नाही. त्याच्या घरावर थेट जेसीबी घालणं अन्यायच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली ते योग्यच झालं. इथेही ग्रीन बेल्टमध्ये स्वतःच्या जमिनीवर कॅरॅव्हॅन लावून राहणारी एक जिप्सी बाई २००१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दहा विरुद्ध सात मतांनी हरली. तिला जायला दुसरी धड जागा नव्हती. तो निकाल मला आजही पटत नाही.

म्हणून पुण्यातल्या मित्रांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. पुढच्या वेळी विधानसभेत नव्या तारखेचं विधेयक आलं, तर टेकड्या, डोंगरउतार आणि बीडीपीच्या (जैवविविधता उद्यानासाठी राखीव) जमिनी त्यातून स्पष्ट शब्दांत वगळायला लावा. राहत्या माणसाला पर्यायी घर मिळेपर्यंत हलवू नका. आणि पहिला गुन्हा नोंदवा तो प्लॉट पाडून विकणाऱ्यावर.