‘ठसका लागत नाही ना? मग तपासणी कशाला?’

पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांसाठीचा एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं सार असं : जेवताना ठसका लागत नसेल तर गिळण्याच्या तपासणीच्या फंदात पडू नका, लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून, ठसका लागलाच तर मान वर करायला लावून पाणी पाजा, त्रास वाढला की सगळं मिक्सरमधून काढून द्या. माझ्या वडिलांना हा आजार होऊन नऊ वर्षं झाली. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची कळकळ मला कळते, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून लिहिते आहे.

आधी ठसक्याचं. या आजारात घशाची संवेदना बोथट होते, खोकल्याचा जोर कमी होतो. घोट श्वासनळीत उतरतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. ‘गिळताना काही त्रास?’ असं विचारलं की बाबा म्हणायचे, ‘छे, काही नाही.’ खोटं बोलत नव्हते ते. शेवटी नाकातून बारीक कॅमेरा घालून तपासणी झाली. हिरवा रंग मिसळलेलं पाणी चमच्याने दिलं, बाबांनी ते गिळलं, आणि पडद्यावर स्वरतंतूंच्या खाली, म्हणजे श्वासनळीत, एक हिरवी रेघ दिसली. बाबा शांत बसून होते. साधे खाकरलेही नाहीत.

हे आमच्याच घरात घडलं असं नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली मांडलेले आकडे सांगतात की नुसतं विचारलं तर सुमारे ३५ टक्के रुग्ण गिळायला त्रास होतो म्हणतात, प्रत्यक्ष तपासलं तर तो सुमारे ८२ टक्क्यांत सापडतो. मधली सगळी माणसं ‘छे, काही नाही’ म्हणणारी. या आजारातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण न्यूमोनिया आहे, आणि तो बऱ्याचदा याच वाटेने येतो.

मग लक्ष कशावर ठेवायचं? आम्ही उशिरा शिकलो. पाणी प्यायल्यावर बाबांचा आवाज ओला यायचा, गुळणी धरून बोलल्यासारखा. सकाळच्या पोह्यांचे दाणे रात्री कवळी काढताना गालाच्या आत सापडायचे. जेवणाला तासभर लागायचा, शर्टाची कॉलर सैल झाली होती, अधूनमधून बारीक ताप येऊन जायचा. यातलं काहीच डॉक्टरांना सांगावंसं आम्हाला वाटलं नव्हतं. पहिली चाचपणी काही फार मोठी नसते. स्पीच थेरपिस्ट (ते गिळण्याच्या त्रासावरही काम करतात) ठरावीक प्रश्न विचारतात, समोर बसवून पाणी प्यायला देतात, खोकला येतो का, आवाज बदलतो का ते बघतात. पण आवाज न करता आत उतरणारा घोट यातूनही निसटतो. म्हणून शंका उरली तर कॅमेरा, किंवा बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास गिळतानाचा एक्स-रे. पाण्याची चाचणी घरी स्वतः करून निष्कर्ष काढू नका.

लाळ जास्त तयार होत नाही. ती गिळलीच जात नाही, म्हणून ओठांवाटे येते. खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन करताना लाळ घशाकडे न जाता तोंडातून गळत राहते, हे नोंदवलं होतं. लाळ गळायला लागली की गिळणं तपासून घ्या.

‘वर बघ, वर बघ’ हे तर आपल्या हाडीमाशी खिळलंय. पण मान मागे गेली की श्वासनळीची वाट आणखी मोकळी होते, आणि पातळ पाणी सांभाळणं घशाला सगळ्यात अवघड. पुढे झुकू द्या, खोकू द्या. पाणी ठसका थांबल्यावर. खोकता-बोलताच येईना, तर मात्र पुढे वाकवून पाठीत जोरात थापा मारा आणि तातडीची मदत बोलवा.

मिक्सरचं थोडक्यात : कोणाला घट्ट चालतं, कोणाला पातळ, हे तपासणी ठरवते. सरसकट लगदा केला की जेवणावरची वासना उडते, वजन उतरतं. आणि गोळ्या मनाने कुटून देऊ नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर औषधाचा हिशोबच बिघडतो.

बाबा आजही पोहे खातात. थोडे ओलसर केलेले, गोळीचा असर सुरू झाल्यावर, खुर्चीत ताठ बसून, टीव्ही बंद ठेवून. शेवटचा घास झाला की मी गालात बोट फिरवून बघते.