‘बनावट युरो तिकिटं’ या अभिप्रायाला टपाल तिकिटांच्या दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "युरोच्या नावाखाली फ्रँकचा जुना माल खपवतात, आकडेही भलतेच, तिकिटं बनावट" असं एक तारा देऊन तुम्ही चारचौघांत लिहिलंत, त्यावर गप्प बसणं आम्हाला परवडणारं नाही. पार्सल उशिरा आलं म्हणाला असतात तर ऐकून घेतलं असतं. आमच्याकडे बाहेरगावचे संग्राहक दुकानाचं तोंडही न बघता आधी पैसे पाठवतात, ते केवळ विश्वासावर. ‘बनावट’ हा शब्द वाचल्यावर त्यातले किती जण पुन्हा फोन करतील, सांगा.

तुमच्या संचात तीन तिकिटं होती: फ्रान्स 1999, ऑस्ट्रिया 2002, जर्मनी 2002. तिन्ही युरोच्या आगमनानिमित्त निघालेली.

फ्रान्सच्या तिकिटावर 3 फ्रँक आणि 0.46 युरो असे दोन्ही दर आहेत, आणि तुमचा सगळा राग त्या फ्रँकवर. सर, ते तसंच असतं! 1 जानेवारी 1999 ला युरो सुरू झाला तो बँकांच्या हिशेबात. नोटा आणि नाणी लोकांच्या हातात पडली ती 1 जानेवारी 2002 ला. मधली तीन वर्षं फ्रान्समध्ये पोस्टाच्या खिडकीवर माणूस खिशातून फ्रँकच काढत होता. मग तिकिटावर फ्रँक नको तर काय हवं?

आता ‘भलते आकडे’. कुठलं सरकार 46 सेंट, 56 सेंट, 3.27 युरो असले दर ठेवेल, असं तुम्ही विचारलंय. कुणीच मुद्दाम ठेवले नव्हते. एका युरोला 6.55957 फ्रँक असा दर कायमचा बांधला होता. साध्या पत्राला 3 फ्रँक लागायचे, भागाकार करा, 0.46 येतं. जर्मनीत साध्या पत्राला 1.10 मार्क. एका युरोला 1.95583 मार्क, भागा, 56 सेंट. ऑस्ट्रियाचे 3.27 म्हणजे 45 शिलिंग, एका युरोला 13.7603 शिलिंग. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच. गोल आकडा असता तर आम्हीच भिंग काढून बसलो असतो.

आणि लांब कशाला जायचं? 1957 साली आपल्याकडे आणे जाऊन नये पैसे आले, तेव्हाच्या भारताच्या नकाशाच्या तिकिटांत 13 नये पैशांचंही आहे. दोन आण्यांचे साडेबारा होतात, ते वर ढकलून तेरा. ते तिकीट आजोबांच्या अल्बममध्ये दिसलं तर आपण त्याला बनावट म्हणत नाही.

650 रुपयांत लुबाडलं असंही लिहिलंय. तिन्ही तिकिटांची नुसती दर्शनी किंमतच 4.29 युरो होते. आजचा भाव तुम्हीच बघा, त्यात ग्लासिनचं (तिकिटं ठेवायच्या गुळगुळीत कागदाचं) पाकीट, पुठ्ठा आणि स्पीड पोस्ट धरा, आणि मग आमच्या हाती काय उरतं तेही बघा.

परतीबद्दल लिहायचं नव्हतं, पण तुम्ही ‘पैसे परत देत नाहीत’ असं लिहिलंत म्हणून सांगतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत तिकिटं वहीच्या रेघी पानावर सेलोटेपने चिकटवलेली आहेत. ऑस्ट्रियाच्या तिकिटाच्या डाव्या कडेवरून टेप ओढलेली दिसते आणि वरच्या कोपऱ्यातला कडेचा एक दाता टेपबरोबर निघून आलाय. मिंट, म्हणजे न वापरलेल्या तिकिटाची निम्मी किंमत त्या दात्यांत आणि मागच्या शाबूत डिंकात असते. ते तिकीट आम्ही कुणाला विकायचं? घरी लहान मूल असेल, त्याने केलं असेल, समजू शकतो. पण त्याचं खापर आमच्यावर नको.

यापुढे संचाच्या वर्णनात ‘दुहेरी दर’ असं ठळक टाकू, फोटोही मोठे टाकायचं चाललंय, जमेल तसं करतोय. फ्रान्स आणि जर्मनीची तिकिटं टेपमधून सुखरूप सुटली तर पाठवून द्या, त्यांचे पैसे परत करू, टपालखर्च आमचा. ती पाण्यात मात्र भिजवू नका, डिंक जाईल. आणि तारे वाढवा असं म्हणत नाही, ते तुमच्या मर्जीवर, पण ‘बनावट’ हा शब्द तेवढा काढावा ही विनंती.